मैत्रिणीला व्यासपीठावर बोलवू का?

प्रिय ताई,

मी ठाण्यात राहते, माहेर वसईचं. आम्ही कॅथलिक. माझी एक मैत्रीण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजातली आहे. एकाच शाळेत आम्ही तीस वर्षं शिकवलं, डबे कायम एकत्र खाल्ले, दोघींच्या मुलांची आजारपणं एकमेकींनी काढली. गेल्या दोन वर्षांत सगळं बिघडलंय. माझा धाकटा भाऊ चर्च सोडून एका नव्या प्रार्थनामंडळीत जायला लागला. तिथे व्यासपीठावर इस्राएलचा झेंडा लावतात आणि प्रवचनं असतात ती 'शेवटच्या दिवसां'वर. यहुदी लोकांवर आमचं फार प्रेम आहे, असं भाऊ म्हणतो. त्याच प्रेमापोटी तो उपवासकाळात मैत्रिणीच्या दारात 'येशू हाच तुमचा मसीहा' अशी पत्रकं देऊन आला. तिचा मुलगा चार वर्षं इस्राएलला राहून आलाय आणि धर्माच्या बाबतीत फार कडक झालाय. त्यानं पत्रकं फाडली आणि आईला बजावलं, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आता ती फोनवर बोलते, घरी येत नाही. त्यातच आमच्या फादरांनी पावसाळ्यात 'ख्रिस्ती-यहुदी संवाद' असा कार्यक्रम ठरवलाय. यहुदी मैत्रीण असलेली सगळ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी एकटीच, त्यामुळे तिला आणायचं काम माझ्याकडे आलंय. बोलवू का? भावाच्या वतीनं माफी मागू का? आणि गाझाचा विषय निघाला तर काय करू?

– एक वाचक, ठाणे

*

व्यासपीठावर बोलवू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

तुमच्या पत्रात तीन माणसं आहेत आणि तिघांनाही तुमच्या मैत्रिणीकडून काही ना काही हवं आहे. भावाला तिचा आत्मा हवाय, मुलाला तिचं स्वयंपाकघर, आणि फादरांना मंचावरची एक खुर्ची भरायची आहे. तिला स्वतःला काय हवंय, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. रागावू नका, पण तुमच्याही पत्रात ते नाही.

मी स्वतः ना ख्रिस्ती, ना यहुदी. पण लहानपण अलिबागेत गेलं, इस्राएल आळीपासून हाकेच्या अंतरावर. शेजारच्या काकू शुक्रवारी दिवेलागणीला कामं आवरायच्या आणि शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटायची नाही. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही, आमच्याकडे एकादशी, त्यांच्याकडे शनिवार. एखादं शुभकार्य असलं की इलियाहू हन्नबी या त्यांच्या संदेष्ट्याच्या नावानं मलिदा व्हायचा. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. त्यातला वाटा वाटीत घालून आमच्याकडे यायचा, आणि आई वाटी रिकामी परत पाठवायची नाही. याला कुणी संवाद म्हणत नव्हतं. हे सांगते ते जुन्या दिवसांचे उमाळे काढायला नव्हे. तुमच्या शिक्षकखोलीतले डबे मी त्याच वाटीच्या हिशेबात धरते, एवढं तुम्हाला कळावं म्हणून सांगते. तीस वर्षं जे चाललं होतं ते कार्यक्रमपत्रिका छापून पुन्हा 'सुरू' करण्यात मला गंमत वाटते, आणि थोडी भीतीही.

आता भावाचं प्रकरण. त्यानं जे केलं ते मुंबई-कोकणात दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय, आणि तेव्हा करणारी माणसं तुमच्या भावापेक्षा कितीतरी जास्त शिकलेली होती. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८२९ मध्ये स्कॉटलंडहून जॉन विल्सन आले, ज्यांच्या नावाचं कॉलेज आज चौपाटीसमोर उभं आहे. त्यांना इथे एक नवलाची जमात भेटली. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. भाषा मराठी, आडनावं गावांवरून पडलेली, बायकांचं नेसणं इथलंच. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांचे आम्ही वंशज, अशी त्यांची परंपरा. हिब्रू जवळजवळ विसरलेलं, पण 'शेमा इस्राएल' या प्रार्थनेची ओळ, मुलांची सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा आणि खाण्यापिण्याचे नियम घट्ट धरून ठेवलेले. मिशनऱ्यांना वाटलं, हीच पिकलेली शेतं! विल्सनसाहेबांनी त्यांच्यासाठी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मिशनच्या शाळांत त्यांची मुलं शिकली, काही जण तिथेच शिक्षक झाले, मराठीतला जुना करार घरोघरी पोचला.

आणि झालं काय? बाप्तिस्मा घेणारे अगदी मोजके निघाले. बाकीच्यांनी ते व्याकरण उघडलं आणि आपल्याच प्रार्थना वाचायला शिकले. (कोचीहून आलेल्या यहुदी शिक्षकांचाही यात मोठा हात होता, ते श्रेय सगळं पाद्रीसाहेबांना देऊ नये.) पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७५ मध्ये समाजानं मुंबईत स्वतःची शाळा काढली. हिंदू शेजाऱ्यांकडून कीर्तन उचललं आणि त्यात अब्राहाम, योसेफ यांची आख्यानं लावली. विल्सनसाहेबांचा हेतू धर्मांतराचाच होता, त्यांनी तो लपवलाही नाही. बेने इस्राएलांनी त्यांच्याशी भांडण मांडलं नाही. अक्षरं घेतली, पाणी शिंपडून घेतलं नाही.

म्हणून म्हणते, पत्रकामुळे तुमच्या मैत्रिणीचा धर्म धोक्यात आला असं समजू नका. तिच्या पणजोबांनी याहून जाड पुस्तकं पचवली आहेत. तिला लागलं असेल ते वेगळं. ते पत्रक रस्त्यावरच्या अनोळखी माणसानं दिलं नाही, ज्या घरी तिनं तुमची बाळं मांडीवर घेतली त्या घरचा माणूस घेऊन आला. तीस वर्षं ही माणसं आपल्याकडे कोणत्या नजरेनं बघत होती, असा प्रश्न तिला एखाद्या रात्री तरी पडला असेल. उत्तर तुम्हाला याच प्रश्नाचं द्यायचं आहे.

तेव्हा माफीबद्दल. भावाच्या वतीनं मागू नका. त्याला पश्चात्ताप झालेला नाही, मग त्याच्या नावाची माफी खोटी पडेल आणि तिला ते लगेच कळेल. शिक्षिका आहे ती. तुमच्या वाटणीचं तेवढं बोला. 'तो तुझ्या दारात येणार हे मला कळायला हवं होतं, मी त्याला आधीच अडवायला हवं होतं. तू जशी आहेस त्यात मला काहीही बदलायचं नाही, कधीच नव्हतं.' इतकंच. यात येशूही नको आणि मोशेही नको.

भावाशी मात्र बोलावं लागेल, आणि ते काम तुमचंच आहे. मैत्रिणीचं नाही, फादरांचंही नाही. तो ज्या शिकवणीत सापडलाय तिची मुळं फार जुनी नाहीत. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकानं जगाच्या शेवटाचं वेळापत्रक मांडलं, १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून ते अमेरिकेत घरोघरी गेलं, आणि तिथून फिरत फिरत आता आपल्या मोबाइलपर्यंत आलंय. त्याचा गाभा असा: यहुदी आपल्या भूमीत परततील, मग महासंकट येईल, त्यात त्यांच्यातले काही येशूला मानतील आणि उरलेले नाश पावतील. झेंडा लावण्यामागचं प्रेम खरं असेलही. पण त्या नाटकात तुमच्या मैत्रिणीची भूमिका आधीच लिहून झालेली आहे आणि शेवटच्या अंकात तिला एकतर ख्रिस्ती व्हायचंय, नाहीतर मरायचंय. भावाशी भविष्यवाण्यांवर वाद घालू नका, त्याला अध्याय-ओव्या तोंडपाठ असतील, तुम्ही हराल. त्याला समोर बसवून एकच विचारा: 'तुझ्या त्या शेवटच्या दिवशी माझ्या मैत्रिणीचं काय होतं, ते तिचं नाव घेऊन मला सांग.' मोठ्यानं सांगू दे. नाव घेऊन सांगणं जड जातं.

आणि बायबलच हवं असेल तर रोमकरांस पत्राचा ११ वा अध्याय काढा. प्रेषित पौल तिथे जैतुनाच्या झाडाचा दाखला देतो. मूळ झाड इस्राएलचं, आणि बाहेरून आलेले ख्रिस्ती म्हणजे त्यावर कलम केलेली रानटी फांदी. तो फांदीला दम देतो: बढाई मारू नकोस, मुळाला तू धरून ठेवलेलं नाहीस, मुळानं तुला धरलंय. मला यातली गंमत कोकणातली म्हणून जास्त कळते. आमच्याकडे उलटं असतं, मूळ रायवळाचं आणि वर कलम हापूसचं, मग फळाची ऐट फांदीचीच. पौलानं मुद्दाम उलटी बागाईत केली. त्याच अध्यायात पुढे तो म्हणतो की देवानं दिलेली दानं आणि केलेलं पाचारण तो मागे घेत नाही. तुमचा भाऊ बायबलबाहेरचं काही मानत नसेल, तर हे बायबलातलंच आहे.

मुलाकडे वळते. त्याच्याबद्दल लिहिताना तुमचा हात जरा सैल सुटलाय असं वाटलं. दोन गोष्टी वेगळ्या करा. तो तुमच्या घरी खात नाही हा कडवेपणा नव्हे. कोशर, म्हणजे यहुदी धर्मातले खाण्यापिण्याचे नियम, पाळणाऱ्याला तुमच्या कढईत काय शिजलंय याची चौकशी करावीच लागते. मांस आणि दूध एकत्र नको, डुकराचं नको, कोळंबी नको, आणि वसईच्या घरात या सगळ्याची वर्दळ असणार हे मी सांगायला नको. कोकणातल्या त्यांच्या सुगरणींनी यावर कधीच तोड काढली होती, मटणाच्या रश्शात गाईचं दूध-दही नाही, नारळाचं दूध. असा नेम पाळणारा माणूस कर्मठ असेल, आणि कर्मठ माणसाशी शेजारधर्म छान निभतो, आपल्याकडे सोवळ्यातल्या आज्यांशी निभायचाच की. आपल्या ताटात काय वाढून घ्यायचं ते ठरवणारा कर्मठ. दुसऱ्याच्या ताटाला हात घालणारा कडवा. मुलगा स्वतः पाणी पीत नाही इथवर तो पहिल्या प्रकारात आहे. साठीच्या आईनं कुणाकडे पाणी प्यायचं हे तो ठरवायला लागला की दुसऱ्यात गेला. भावालाही हाच निकष लावा. येशू मसीहा आहे असं तो मानतो, खुशाल मानू दे. पत्रक घेऊन तो दार वाजवतो, तिथे गडबड होते.

तरीही मुलाला तुम्ही काही शिकवायला जाऊ नका. तुमच्या तोंडून गेलं की ते चर्चचं होईल. ते तिचं क्षेत्र आहे आणि तिच्याकडे त्याला सांगण्यासारखं पुष्कळ आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) कचेरीनं बेने इस्राएलांच्या लग्नांवर शंका काढली. हे खरे यहुदी का, यांच्या आज्यापणज्यांची वंशावळ तपासा, असा फतवाच निघाला. कोकणातून गेलेली माणसं १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला ठिय्या देऊन बसली, प्रकरण तिथल्या संसदेपर्यंत गेलं, आणि शेवटी रब्बींना तो आदेश बदलावा लागला. आपल्याच धर्मातल्या कडव्यांनी दार लावून घेतलं की कसं वाटतं, हे त्या समाजानं सोसलंय. चार वर्षांत मुलाला हे तिथे कुणी सांगितलं असेल असं नाही. आई सांगेल, तिला वाटेल तेव्हा. कडवेपणाची औषधं घरच्याच फडताळात असतात.

रोममध्येही हेच घडलं, म्हणून ती गोष्ट जरा सविस्तर सांगते. फादरांना ती ठाऊक असणारच, पण त्यांच्या कार्यक्रमासाठी मला तीच उपयोगाची वाटते.

ज्यूल इझाक हे फ्रान्समधले नावाजलेले इतिहासकार, शाळाशाळांतून त्यांची पाठ्यपुस्तकं चालत. ते यहुदी होते. १९४३ मध्ये नाझींनी त्यांच्या बायकोला आणि मुलीला धरून नेलं. दोघी आउश्वित्झला मारल्या गेल्या. म्हातारे इझाक लपतछपत वाचले आणि त्या लपंडावातच त्यांनी एक पुस्तक लिहीत आणलं. नाझी चर्चवाले नव्हते, हे त्यांना माहीत होतं. पण शेकडो वर्षं ख्रिस्ती प्रवचनांतून, धर्मशिक्षणाच्या वह्यांतून 'यांनी देवाला मारलं' हे शिकवलं गेलं नसतं, तर शेजाऱ्यांना उचलून नेताना इतकी माणसं गप्प राहिली असती का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातली येशूची चरित्रं, ओळ न् ओळ वाचून दाखवून दिलं की हा तिरस्कार येशूचा नाही, मागाहून चढलेला आहे. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीलिसबर्गला ख्रिस्ती आणि यहुदी मंडळी जमली, तेव्हा इझाकांच्या टिपणांवरून दहा मुद्दे निघाले. येशू यहुदी, त्याची आई यहुदी, पहिले शिष्य यहुदी. दुःखसहनाची कथा सांगताना सगळ्या यहुद्यांवर खापर फोडू नका, असे साधे मुद्दे. इतके साधे, की ते लिहून काढावे लागले याचीच लाज वाटावी.

गुड फ्रायडेच्या लॅटिन प्रार्थनेत यहुद्यांना 'विश्वासघातकी' अशा अर्थाचं विशेषण होतं. १९५९ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी ते काढून टाकलं. पुढच्याच वर्षी जूनमध्ये ऐंशी पार केलेले इझाक त्यांना भेटायला रोमला गेले, हातात कागदांची चळत घेऊन. इझाक १९६३ मध्ये वारले, पोपही त्याच वर्षी गेले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, 'नोस्त्रा एताते' हे पत्रक २२२१ विरुद्ध ८८ मतांनी स्वीकारलं: येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर टाकता येत नाही, आणि आजच्यांवर तर नाहीच. दोघांपैकी कुणीही ते पाहायला उरलं नव्हतं.

इझाकांनी कुणाला व्यासपीठावर बसवून यहुदी धर्माची ओळख करून दिली नाही. त्यांनी ख्रिस्ती लोकांना एवढंच म्हटलं, तुमची पुस्तकं तुम्ही वाचा. मग जर्मन कार्डिनल बेआंसारख्या माणसांनी पाच वर्षं आपल्याच बिशपांशी हुज्जत घातली. काम घरात झालं.

फादरांना हे सुचवा. कार्यक्रम घ्या, पण पहिला आपल्या आपल्यात घ्या, पाहुणे न बोलवता. योहानाच्या शुभवर्तमानाचे १८ आणि १९ हे अध्याय मराठीतून मोठ्यानं वाचा, गुड फ्रायडेला वाचता तेच. 'यहुदी, यहुदी' असं पुन्हा पुन्हा येतं. त्या प्रत्येक जागी तुमची मैत्रीण दुसऱ्या बाकावर बसलीय असं समजून वाचा. कुठे घसा अडतो ते बघा. युरोपात शेकडो वर्षं पवित्र आठवड्यात यहुदी माणसं दारंखिडक्या लावून घरात बसत, कारण हेच वाचन ऐकून बाहेर पडलेली गर्दी दगड उचलायची. हे त्या सभेत बोललं गेलं तर पुरे. आणि एक विनंती: चर्चच्या हॉलमध्ये 'येशूनं साजरा केला तसा' वल्हांडणाचा सेदेर (यहुद्यांच्या त्या सणाचं विधीपूर्वक जेवण) मांडायची हल्ली टूम निघालीय, तेवढं करू नका. आजचा सेदेर बराचसा जेरुसलेमचं मंदिर पडल्यानंतर घडत गेलेला आहे, येशूच्या ताटात तो तसा नव्हताच. शिवाय दुसऱ्याचं देवघर मांडून आपण भक्ती करायची, हे बरं दिसत नाही.

मग फादरांना पुढे जावंसं वाटलं तर ठाण्याचं सिनेगॉग, यहुद्यांचं प्रार्थनामंदिर, १८७९ पासून टेंभी नाक्यापाशी उभं आहे. रीतसर पत्र लिहा, भेटायला येऊ का विचारा. शनिवार आणि सणवार टाळा, ओळखपत्रं बरोबर ठेवा, पुरुषांनी डोकं झाकायचं असतं. बंदोबस्त दिसला तर वाईट वाटून घेऊ नका. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या नरीमन हाउस या यहुदी केंद्रावर हल्ला झाला, तो विसरण्यासारखा नाही. ते 'नको' म्हणाले तर 'नको' हेही उत्तर आहे. बोस्टनचे मोठे रब्बी सोलोवेचिक यांनी १९६४ मध्ये, व्हॅटिकनची परिषद चालू असतानाच, मांडलं होतं की श्रद्धेच्या आतल्या गाभ्यावर दोन धर्मांनी वाटाघाटी करू नयेत. भूक, न्याय, शिक्षण यांवर बरोबर काम करावं. त्याच काळात रब्बी हेशेल मात्र कार्डिनल बेआंशी पत्रव्यवहार करत होते, रोमला जाऊन भेटत होते. दोघेही आपल्या धर्माला पक्के. तेव्हा न बोलणारा प्रत्येक जण दार आपटतोय असं समजायचं कारण नाही. मला विचाराल तर ठाण्यासाठी सोलोवेचिकांची वाट सोपी आहे: कोकणातल्या मिशन शाळा आणि बेने इस्राएल शिक्षक हा विषय घ्या. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांकडे जुने फोटो निघतील.

फादर भाषणात पोप दुसरे जॉन पॉल यांचं 'थोरले भाऊ' हे नक्की उद्धृत करतील. १९८६ मध्ये रोमच्या सिनेगॉगमध्ये ते यहुद्यांना तसं म्हणाले होते, आणि त्या दिवशी ते मोठंच होतं. पण मला ते वाचताना नेहमी हसू येतं. बायबलात थोरला भाऊ झाला की त्याचं काही खरं नसतं. काइन बघा, इश्माएल बघा, एसाव बघा. धाकटाच सगळं घेऊन जातो. मध्ययुगात तर ख्रिस्ती लोक यहुद्यांना मुद्दाम एसाव ठरवायचे, धाकट्याची चाकरी करणारा म्हणून. फादरांना हळूच सांगा, जपून वापरा.

राहिला गाझा. निघणारच तो विषय, कारण तो दोघींच्याही मनात आहे. ती ठाण्यातली निवृत्त शिक्षिका आहे, इस्राएलची वकील नव्हे, हे तुम्ही लक्षात ठेवा. कुणी तुमच्यासमोर तिच्याकडून जबाब मागायला लागलं तर तिथेच थांबवा. पण दोघींच्यात तो विषय सोवळ्यात ठेवू नका. बेने इस्राएलांचं निम्म्याहून जास्त गणगोत आज तिकडे आहे, लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मारली गेली, त्या दिवशी तिनं किती फोन लावले असतील ते विचारा. आणि तिचं ऐकून झालं की तुमचंही सांगा. गाझात एकच कॅथलिक धर्मग्राम आहे, पवित्र कुटुंबाचं. पोप फ्रान्सिस युद्ध सुरू झाल्यापासून जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करायचे, जेवलात का विचारायला. तिथले ख्रिस्ती पॅलेस्टिनी आहेत, बेथलेहेमचेही. तुमच्या भावाच्या मंडळीत झेंडा आहे, पण ही माणसं प्रवचनात येत नसणार, कारण वेळापत्रकात ती बसत नाहीत. इस्राएलमध्येही कडवे आहेत. २०१५ च्या जूनमध्ये गालील समुद्राकाठचं, भाकरी-माशांच्या चमत्काराचं ताब्घाचं चर्च जाळलं गेलं, भिंतीवर हिब्रूत मूर्ती नष्ट करण्याबद्दलची प्रार्थनेतली ओळ लिहून. दोन वर्षांनी तिथल्याच न्यायालयानं एका यहुदी तरुणाला त्यासाठी दोषी ठरवलं. जेरुसलेमच्या जुन्या गल्ल्यांत पाद्री दिसला की थुंकणारी पोरंही आहेत, आणि त्यांच्या वागण्यानं मान खाली घालणारे रब्बीही आहेत. हे सगळं तुमची मैत्रीण तुमच्याहून जास्त जाणून असेल. कुणाचं दुःख मोठं याची मोजदाद मांडू नका, एवढं एकच पथ्य.

आता तिला घरी कसं आणायचं? आणू नका, तुम्हीच जा. तिच्या घरचं पाणी प्यायला तुम्हाला कुणी मनाई केलेली नाही. मुलगा दारात असेल तर 'कसा आहेस बाळा' म्हणा, तुम्ही त्याचा ताप उतरवलेला आहे, ते नातं चार वर्षांत पुसत नाही. नेताना अख्खी फळं न्या, न कापलेली. ती कुठल्याही घरची चालतात.

आणि जायचा मुहूर्तही आयता आहे. पावसाळ्यात त्यांचा बिरड्याचा रोजा येतो. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचा हा उपास. तो सोडताना वालाचं बिरडं खातात, म्हणून कोकणात त्याला हे नाव. (सणांची ही मराठी नावं किती गोड आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. मुलगा आता हिब्रू नावं सांगत असेल, तीही खरीच.) ते मंदिर पडलं हे देवानं यहुद्यांना दिलेलं शासन, असं चर्चनं शेकडो वर्षं शिकवलं, त्याच दिवशी एक ख्रिस्ती बाई शोकाच्या घरी नुसती बसायला गेली तर त्याचा अर्थ तिला समजावून सांगावा लागणार नाही. आदल्या दिवशी फोन करून विचारा, वाल किती भिजत घातलेस. मोड आलेले वाल सोलणं म्हणजे दोन बायकांचे दोन तास, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ती 'ये' म्हणाली तर जा, आणि पाट घेऊन तिच्यासमोर बसा.